तराजूवाली बाई

शकुन तायडेला मोजण्याची खोड लागली ती बापामुळं. पुंजाजी तायडे मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन होता. शकुंतला नावाच्या छोट्या गाडीच्या अरुंद रुळांवरून खांद्यावर हातोडा टाकून तो रोज पाच-सहा मैल चालायचा, आणि सुट्टीत लेक मागं लागली की तिला सोबत नेऊन स्लीपर मोजायला लावायचा. मध्येच आकडा चुकला की मागं फिरून पुन्हा पहिल्यापासून. पोरीचे पाय दुखायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण पुंजाजीला दया यायची नाही. "मोज चुकली तं गाडी घसरते," एवढंच तो म्हणायचा आणि बिडी पेटवायचा.

छप्पनच्या दसऱ्याला घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. शकुन तेव्हा तिथंच वसतिगृहात राहून जीवरसायन शिकत होती. दोन वर्षांनी ती एम.एस्सी. होऊन घरी आली, तेव्हा पुंजाजीची पोरगी डाक्टर झाली अशी आवई वस्तीत उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग लागली. आपण औषध देत नाही, रक्तात काय आहे आणि अन्नात काय आहे तेवढं शोधतो, हे तिनं परोपरीनं समजावलं. एका आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याचा उपेग काय व, बाई?" पुढचं सगळं आयुष्य शकुननं त्या आजीला उत्तर देण्यात घालवलं म्हणा ना.

नोकरी लागली अमरावतीला. सरकारच्या आहार-संशोधन खात्याची तिथं एक शाखा होती. शाखा म्हणजे दोन खोल्या, रक्त तपासायची काचेची नळकांडी, एक जीप आणि ती चालवणारा वाहेद. खात्याचे प्रमुख डॉ. अभ्यंकर पुण्याला बसत. वर्षातून दोनदा ते येत आणि समोरची वऱ्हाडी माणसं भांडत नसून नुसती बोलत आहेत, याची वाहेदकडून खात्री करून घेत.

एकसष्टच्या हिवाळ्यात मोठं काम निघालं. वऱ्हाडातल्या बायांच्या अंगात रक्त किती, आणि त्या खातात काय, याचा तपास करायचा. रक्त कमी निघालं आणि ते अन्नामुळंच कमी आहे असं सिद्ध झालं, तर गरोदर बायांना सरकारकडून लोहाच्या गोळ्या मिळणार होत्या. गाव ठरलं नांदगाव खंडेश्वराच्या पलीकडचं बोरटेक. पंधरा घरं निवडली, एका घरी एक दिवस. चुलीवर चढण्याआधी प्रत्येक जिन्नस तोलायचा, शिजल्यावर पुन्हा तोलायचा, आणि घरातल्या बायांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं.

पहिलं घर दुर्गाबाईचं. कुणब्याचं खातंपितं घर, दारात बैलजोडी, आणि दुर्गाबाईचा आवाज असा की वेशीवरच्या माणसाला उंबऱ्यातून हाक ऐकू जावी. मुलगा खुशालराव शेती पाहायचा. सून मैना पहिलटकरीण होती, चौथा महिना लागलेला. दुर्गाबाईनं शकुनला नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव ऐकलं. मग तराजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर टांगला गेला. पीठ आतून यायचं, दुर्गाबाई स्वतः ते पारड्यात टाकायची आणि शकुननं बाहेर बसून काटा वाचायचा.

चहाची वेळ झाली तेव्हा कोनाड्यातून कान तुटलेला एक कप निघू लागला. तो कोणासाठी निघतोय ते शकुनला लगेच समजलं. असले कप तिनं लहानपणी पुष्कळ पाहिले होते. तिनं पिशवीतून आपलं रेघा आखलेलं काचेचं मोजपात्र काढलं आणि म्हणाली, "मी च्या याच्यातच पेत असते. किती पेली ते लिहा लागते. शास्त्राचा नियम हाय." असा कुठलाही नियम नव्हता. दुर्गाबाईचा जीव भांड्यात पडला. शकुनला राग आला नाही असं नाही. चांगला सणसणून आला. पण ती रक्त घ्यायला आली होती, भांडायला नव्हे, आणि भांडायचंच तर त्यासाठी अख्खा जन्म पडला होता.

त्या दिवशी दुर्गाबाईकडं शिरा-पुरी झाली, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. दुसऱ्या घरी पुरणाची पोळी. तिसऱ्या घरी परत शिरा. शकुन लिहीत गेली. तिला वाटलं, कुणब्यांच्या घरी असंच खात असतील. लहानपणी ती त्या घरांच्या ओट्यापलीकडं कधी गेलीच नव्हती, मग आत काय शिजतं ते तिला कसं ठाऊक असणार? शेवटची चार घरं बौद्धपुऱ्यातली होती. तिथं तूप नव्हतं, पण गुळाचा शिरा होता. गाव सुधारलं म्हणायचं, असं म्हणून तिला मनापासून आनंद झाला.

आनंद टिकला तो अमरावतीला रक्त तपासेपर्यंत. धडधाकट बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा-तेरा ग्रॅम हवं. इथं कोणाचं सात, कोणाचं साडेसहा. मैनाचं तर जेमतेम सहा. शकुननं दोन्ही तक्ते इमानदारीनं पुण्याला पाठवले, आणि जानेवारीत डॉ. अभ्यंकरांचं पत्र आलं. या बाया रोज गहू, हरभरा, गूळ, तूप खातात आणि तरीही त्यांच्या अंगात रक्त नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तायडेबाईंनी रक्त तपासणीतला आपला हात तपासून पाहावा. आपण फेब्रुवारीत बोरटेकला येऊ. तोवर उलगडा झाला नाही, तर मार्चअखेर शाखा बंद करण्याची शिफारस करावी लागेल.

शाखा बंद झाली असती तर नोकरी गेली असती, ते एक परवडलं. पण मूर्तिजापूरच्या वस्तीतली पहिली शिकलेली पोरगी, आणि तिच्या नावापुढं कायमचं लागणार काय, तर हिचा हात चुकतो. शिवाय बोरटेकच्या बायांच्या गोळ्या गेल्याच. शकुन दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं वाहेदला खुर्चीवर बसवलं. वाहेदनं जवानीत कुस्त्या मारल्या होत्या, मिशा अजून तेव्हाच्याच होत्या. पण सुई दिसताच तो घामाघूम झाला. "बाई, जीप चलाने को बोलो, जंगल में छोड़ दो, लेकिन ये नक्को," असं म्हणत त्यानं बोट पुढं केलं आणि तोंड भिंतीकडं. त्याचं रक्त भरलं साडेचौदा. शकुननं स्वतःचं तपासलं, साडेबारा. तीनतीनदा तपासलं, तपासणीत लागणारं आम्ल नवं आणून तपासलं. हात ठणठणीत होता.

मग राहिला तराजू. तो घेऊन ती रेल्वेनं अकोल्याला गेली. जठारपेठेत अब्दुल रहीम म्हणून एक म्हातारे कारागीर होते, तराजूंचे हकीमच म्हणा. त्यांनी शकुनचा तराजू टांगला, वजनं चढवली, उतरवली, काट्यावर फुंकर घातली आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "बेटी, इसमें कोई नुक्स नहीं. काटा झूठ नहीं बोलता. पलड़े में डालनेवाला बोलता है." मजुरी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, कारण दुरुस्त केलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत शकुननं वही उघडली आणि पारड्यात पडलेल्या एकेका जिन्नसावरून बोट फिरवू लागली. तुपाशी बोट थांबलं. दुर्गाबाईकडं संध्याकाळी तुपाचा पितळी डबा भरला होता डब्यासकट सोळाशे चाळीस ग्रॅम. दुसऱ्या घरी सकाळी तुपाचा डबा, डब्यासकट सोळाशे चाळीस. तिथं संध्याकाळी पंधराशे पंच्याऐंशी. तिसऱ्या घरी सकाळी पंधराशे पंच्याऐंशी. कुणब्यांच्या अकरा घरांत अकरा डबे नव्हतेच. एकच डबा घरोघर फिरत होता, आणि शकुन शहाण्यासारखी रोज त्याचं वजन करत होती. गुळाचंही तेच, एकच ढेप चार घरं हिंडली होती. तिला इतकं हसू आलं की समोरच्या बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

पण हे केलं कशासाठी, ते कोडं सुटेना. ते सुटलं मूर्तिजापूरच्या फलाटावर. गाडी थांबली तेव्हा, जाताना ठेवलेल्या निरोपाप्रमाणं, पुंजाजी खिडकीशी डबा घेऊन उभा होता. शकुननं झाकण उघडलं, तर वर शिरा. खालच्या पुडात भाकर आणि चटणी, ती बापाची.

"शिरा काहून? आज काय हाय?" तिनं विचारलं.

"तुह्या मायनं केला," पुंजाजी म्हणाला. "आता तू साहेबीन झाली. पाहुनीच ना तू आमची."

गाडी सुटली तरी शकुन शिऱ्याकडं पाहत बसली. पोटच्या पोरीला माय कण्या वाढायला लाजते, तर परक्या बाईसमोर, तीही सरकारची, वही-तराजू घेऊन बसलेली, कोण आपल्या घरची पातळ आंबील पारड्यात ओतेल? शिकलेल्या माणसाला सगळं दिसतं, आपण पाहुणे आहोत तेवढं दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी ती दुर्गाबाईच्या ओट्यावर हजर झाली आणि वही उघडून तिनं डब्याचे आकडे वाचून दाखवले. दुर्गाबाई आधी हसली, मग तिचा चेहरा कडक झाला.

"मंग काय कराव आमी?" ती म्हणाली. "पाहुनी दारात बसून चुलीकडं पाह्यते, तिच्यासमोर कण्या शिजवाव? गावाचं नाक कापून तुह्या वहीत चिकटवाव?"

"माह्या वहीत खोटं लिहिलं गेलं तं सरकार म्हनते, बोरटेकच्या बाया तूप खातात, त्याईले गोळ्या कायले?" शकुन म्हणाली. "अन् मैनाच्या अंगात रक्त सहा हाय, दुर्गाबाई. तिचं बाळंतपन एप्रिलात हाय. मले भेव वाटते."

दुर्गाबाईनं आत पाहिलं. मैना पाणी भरत होती, मध्येच थांबून भिंतीला टेकत होती. तरी दुर्गाबाईची मान झुकली नाही. "तू येशीन तं तू पाहुनी. पाहुनीसमोर कण्या होत नसतात आमच्या घरी."

"मंग मी रोज येते," शकुन म्हणाली. "तुमचा पाहुनचार सरत नाही तवर."

"ये. पाहू कोन आंधी थकते."

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे शकुनला ठाऊक नव्हतं थोडंच? पण तिनं बौद्धपुऱ्यात देवमन नावाच्या शेतमजुराच्या घरी मुक्काम टाकला. देवमनच्या बायकोनं पहिल्याच दिवशी गुळाच्या ढेपीचं कबूल करून टाकलं आणि पोट धरून हसली. शकुन रोज सकाळी तराजू घेऊन दुर्गाबाईकडं जाई. पहिल्या दिवशी शिरा. दुसऱ्या दिवशी शिरा. तिसऱ्या दिवशी गहू संपले म्हणून शेजारून आणले. चौथ्या दिवशी खुशालराव वैतागून म्हणाला, "माय, आता शिऱ्याचं नाव काढलं तं मी मळ्यात जेवाले जातो." पाचव्या दिवशी डब्याचं बूड दिसलं. सहाव्या दिवशी दुर्गाबाईनं शकुनकडं पाठ करून ज्वारीच्या कण्या चुलीवर चढवल्या.

शकुननं त्या तोलल्या आणि लिहिल्या. अरेरे म्हणाली नाही, वाहवा म्हणाली नाही. मग तिनं आणखी एक केलं, जे आधी कधी केलं नव्हतं. पंगती उठेपर्यंत ती थांबली. गड्यांची पोरं जेवली, गडी जेवले, खुशालराव जेवला, आणि दुपार कलल्यावर सासू-सून बसल्या, तेव्हा तिनं मैनाच्या ताटलीतलं तोललं. अर्धी भाकर, भांड्याला लागलेल्या कण्यांची खरवड, तेलातली चटणी, अंबाडीच्या भाजीचं वरचं पाणी. पातेल्यात किती शिजलं हे शकुन इतके दिवस मोजत होती. बाईच्या पानात किती उरलं हे कोणी मोजलंच नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत ती पंधराही घरांच्या शेवटच्या पंगतीला जाऊन बसली. वहीतले आकडे आणि रक्तातले आकडे एकमेकांना ओळख देऊ लागले.

पण ती वही डॉक्टरांना पटेल का? एकदा हात चुकला असं मनात बसलं की माणूस दुसऱ्या वहीवरही विश्वास ठेवत नाही. ते डोळ्यांनी पाहणार होते ते एकच जेवण, दुर्गाबाईच्या घरचं.

डॉ. अभ्यंकर आले त्या दिवशी शकुन सकाळीच पोचली आणि तिचा धीर सुटला. ओट्यावर तोच पितळी डबा होता, काठोकाठ भरलेला. सगळ्या गावानं वाटी-वाटी तूप घातलं होतं. पुण्याचा साहेब येणार, गावाची लाज राखायची होती. आतून रव्याचा खमंग वास येत होता.

"दुर्गाबाई, घर तुमचं हाय," शकुन हळूच म्हणाली. "माह्या हातात आता काई नाई." दुर्गाबाई रवा परतायला आत गेली.

दहाला जीप आली. डॉक्टर आदल्या रात्रीपासून प्रवासात, पोटात एक कप चहा. त्यांना पाट दिला, पाणी दिलं. मग दुर्गाबाई पदर खोचून समोर उभी राहिली.

"साहेब, शिरा तयार हाय. तुमी पाहुने, तुमाले तो वाढते. पन तुमाले आमचं रोजचं खानं पाह्याचं असंन, तं थांबा लागते. काय म्हनता?"

डॉक्टर शास्त्रज्ञ होते, आणि शिवाय पुण्याचे. "रोजचंच पाहायला आलोय मी," ते ताठ बसून म्हणाले. "थांबतो."

त्यांना वाटलं, दहा-पंधरा मिनिटं. पोरं जेवली. गडी जेवले. खुशालरावाची पंगत उठली. बारा वाजले, एक वाजला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग तराजू पाहिला, मग शिऱ्याच्या वासाच्या दिशेनं पाहिलं. वाहेद जीपमागं जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसत होता. दीडला दुर्गाबाई, मैना, शकुन आणि डॉ. अभ्यंकर अशी शेवटची पंगत बसली. प्रत्येकापुढं सारखंच पान आलं.

डॉक्टरांनी पानाकडं पाहिलं, मग पातेल्याकडं. "एवढंच?"

मैना कधी पुरुषांसमोर बोलायची नाही. पण तिला राहवलं नाही. "आज जास्त हाय, साहेब," ती म्हणाली. "तुमी आले ना म्हनून."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि शेवटचा कण पुसून खाल्ला. हात धुतले आणि शकुनची वही मागून उभ्याउभ्या वाचली, पहिल्या पानापासून. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "तायडेबाई, तुमचा हात उत्तम आहे. चुकीचं मोजत होतो ते आम्ही." त्यांना भूक अजून होतीच. तेव्हा दुर्गाबाईनं जीप थांबवून केळीच्या पानात बांधलेला शिरा आत सरकवला आणि बजावलं की हा वहीत लिहायचा नाही.

शाखा बंद झाली नाही. मार्चाच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या आल्या, आणि सुनांनी शेवटी न बसता सासरे-दीरांबरोबर जेवावं असा फतवा दुर्गाबाईनं आपल्या आवाजात काढला. किती घरांनी पाळला ते विचारू नका. तिच्या घरी पाळला गेला. एप्रिलात मैनाच्या रक्तानं नऊ गाठले, आणि बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, सहा पौंडांची; तोलली अर्थातच शकुनच्या तराजूत. बोरटेकचा तो अभ्यास पुढं छापून आला, इतर जिल्ह्यांत लोकांनी शेवटची पंगत तोलायला सुरुवात केली, आणि एकोणसत्तर साली शकुन अकोल्याला मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली. मूर्तिजापूरच्या आजी तेव्हा हयात नव्हत्या, नाहीतर उपेग काय ते तिनं त्यांना घरी जाऊन सांगितलं असतं.

पण शकुनला कोणी तुमच्या कामाचं सगळ्यांत मोठं बक्षीस कोणतं विचारलं, तर ती त्रेसष्टच्या जानेवारीतली एक दुपार सांगायची. वर्षानं पुन्हा रक्त घ्यायचं म्हणून ती बोरटेकला गेली. मैनाची पोर अंगणात रांगत होती. तराजू उंबऱ्याबाहेर टांगायला शकुननं दोरी काढली, तर दुर्गाबाईनं तो हातातून घेतला आणि चुलीजवळच्या खुंटीला अडकवला. मग तिनं शकुनपुढं ताट मांडलं. कण्या, ताक, अंबाडीची भाजी.

"शिरा नाई केला," दुर्गाबाई म्हणाली. "घरच्या मानसाले कोन शिरा करते?"

सवयीनं शकुननं पाण्यासाठी पिशवीतून काचेचं मोजपात्र काढलं. दुर्गाबाईनं ते तिच्या हातातून घेऊन पिशवीत परत ठेवलं आणि आपला पितळी पेला भरून पुढं केला. आवाज तिचाच, पण पहिल्यांदाच शेजारी ऐकू जाणार नाही इतका हळू.

"असा कोनताच नियम नाई, हे मले का समजत नव्हतं, पोरी? त्या दिवशी तू माही लाज राखली. मी तुही नाई राखली."

शकुन रडली. रडत रडत पाणी प्याली, आणि जेवायला बसली. कण्या थोड्या खारट झाल्या होत्या. दुर्गाबाईनं दुसऱ्यांदा वाढल्या, तिसऱ्यांदा वाढल्या, आणि किती खाल्ल्या ते शकुननं त्या दिवशी मोजलं नाही.